न विचारता दिलेलं आव्हान

सोमवार, ७ एप्रिल १९१३. पाडवा.

घरात हिजरी साल, गिऱ्हाइकांचं शालिवाहन शक आणि छापखान्यात इंग्रजी तारीख. तीन वर्षं एकदम डोक्यावर वागवणाऱ्या माणसानं त्यातल्या एकाकडे तरी नीट बघावं, म्हणून आजपासून ही रोजनिशी. घरात आम्ही आमची दख्खनी बोलतो. लिहिणार मात्र मराठीत, कारण पोट मराठीवर आहे.

कचेरीतली नकलनविशी सोडून दोन महिने झाले. अकरा वर्षं दुसऱ्यांचे हुकूम सुवाच्य अक्षरात उतरवले. आता दुकानदारांची हस्तपत्रकं आणि जाहिराती लिहितो. लोक विचारतात, शमशुद्दीनभाई, सध्या काय करता? लिहितो म्हटलं की म्हणतात, ते कळलं, पण काम काय करता?

वर्षाचे संकल्प असे. कचेरीत परत जायचं नाही. बांधलेली गिऱ्हाइकं बारा तरी हवीत. खोटं लिहायचं नाही. फुगवायला हरकत नाही, पुरीसुद्धा फुगल्याशिवाय पानात शोभत नाही. आणि शेवटचा, जो बायकोला, जुलेखालासुद्धा सांगितलेला नाही: पत्रकाच्या तळाला छापखान्याचं नाव असतं, मालाच्या धन्याचं असतं, पण ज्यानं शब्द लिहिले त्याचं नसतं. वर्ष संपायच्या आत एका तरी पत्रकावर माझं नाव छापून आलं पाहिजे.

शनिवार, १९ एप्रिल

माक्याच्या तेलाचं पत्रक झालं. आपल्या गावात दहांतल्या आठांना वाचता येत नाही, त्यामुळं पत्रक वाटलं तरी खरा धंदा पिराजीच्या तोंडून होतो. पिराजी हलगी वाजवून दवंडी देतो. मी त्याला मजकूर वाचून दाखवतो आणि तो पाठ करतो. आज मधेच हलगी खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, ह्ये ‘कृष्णमेघसदृश केशकलाप’ म्हंजी काय वो? मी म्हनलो तर म्हशी बिथरतील की!"

जुलेखा आतून म्हणाली, "बायांना विचारा, तेल उवा घालवतं का."

बाजारू कल्पना वाटली, पण पिराजीची अडचण बघून उवांची ओळ घातली. तेल आठवड्यात संपलं. केशकलाप त्यांच्या ध्यानात राहिला असणार.

मंगळवार, २२ जुलै

पावसामुळं धंदा बंद. छत्रीवाल्याचं एक पत्रक, तेही भिजलं. गिऱ्हाइकं पाच. कचेरीतला जुना सोबती बाळासो रस्त्यात भेटला. माझी जागा अजून भरलेली नाही म्हणाला. मी म्हटलं, भरा.

सोमवार, ३ नोव्हेंबर

दिवाळी झाली, सुगी आली, आता कुस्त्यांचे दिवस. आज सयाजी ठेकेदार स्वतः घरी आला. रंकाळ्याकडच्या पटांगणात त्यानं आखाडा घेतलाय. फेब्रुवारीत तिकीट लावून कुस्त्या भरवायच्या आहेत.

"मास्तर, असं लिवा की गडमुडशिंगीपासनं मिरजंपतूर मान्सं चुली इझवून आली पायजेत," तो म्हणाला.

मी माझी अट घातली. तळाला "शब्दरचना : शमशुद्दीन" असं छापायचं. तो हसला. "मैदान भरलं तर पुढच्या पत्रकावर तुमचं नाव माज्या नावाच्या वर घालतो. ह्या पत्रकावर खाली घाला."

जुलेखाला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही कधी तालमीत पाय ठेवलाय?" मी म्हटलं, तेल लिहिलं तेव्हा मी काय डोक्याला लावलं होतं?

गुरुवार, ११ डिसेंबर

मोहरम संपला. आमच्या पेठेतला पिराचा पंजा तालमीत बसतो आणि मिरवणुकीत तो उचलायचा मान पैलवानांचा. कसबा बावड्याचा कृष्णात चार वर्षं उचलतोय. सयाजीच्या मैदानात तीच मुख्य कुस्ती: कृष्णात आणि गडमुडशिंगीचा एक तोलामोलाचा गडी. कृष्णात जेमतेम दोन मणांचा, पण बघत राहावा असा. उन्हाळ्यात दरबारच्या तालमीत नवे पैलवान घेणार आहेत, त्यांत त्याचं नाव आहे म्हणतात. तिथं गेला की खुराकाची आयुष्यभराची चिंता मिटली. त्याची आई बनाबाई एका म्हशीवर घर चालवते आणि त्या म्हशीचं निम्मं दूध त्यालाच पाजते.

यंदा त्यानं पंजा स्वतः उचलला नाही, दुसऱ्याला दिला. त्याच्या वस्तादांनी, गणपतरावांनी, त्याच्या डाव्या खांद्यावर शाल नीट केली. एवढं नाव होऊनही मान दुसऱ्याला देतो, मला त्याचा विनय आवडला. पत्रकात ‘विनयशील’ घालावं का, असा विचार केला. पण विनय बघायला कोण तिकीट काढतं?

रविवार, २८ डिसेंबर

पत्रक पुरं झालं. नोंद ठेवण्यासारखा भाग उतरवतो.

"बावड्याचा ढाण्या वाघ कृष्णात पैलवान उभ्या मुलखाला उघड आव्हान देत आहे! वजनाची अट नाही, गावाची अट नाही. जो आईचं दूध प्याला असेल त्यानं रविवार, पंधरा फेब्रुवारीस लंगोट कसून आखाड्यात उतरावं!"

खाली गडमुडशिंगीच्या गड्याचं नाव आहेच. त्यामुळं हे आव्हान म्हणजे नुसता साज, लग्नात नवऱ्या मुलाला राजा म्हणतात तसं. खोटं काही नाही.

पिराजीनं पाठ केलं, पण या वेळी हलगी वाजवेना. "पैलवानाला इचारलंय न्हवं?" म्हणाला. मी म्हटलं, तेलाच्या बाटलीला विचारलं होतं का? त्यानं हलगी उचलली. तळाला माझं नाव आलंय. शाई जरा पुसट आहे, पण वाचता येतं.

शुक्रवार, ९ जानेवारी १९१४

मिरजेहून पत्रक परत आलं. मीरासाब पैलवानानं ते निरोप्याबरोबर वस्तादांकडे पाठवलं. सोबत एकच निरोप: "येतो."

मीरासाब तीन मणांच्या वर आहे. सयाजीनं ताबडतोब गडमुडशिंगीच्या गड्याला दुसऱ्या जोडीत टाकलं आणि तिकिटं वाढवली. मला मिठी मारायलाही आला होता.

रविवार, ११ जानेवारी

सकाळी वस्ताद गणपतराव आले. चहाला नको म्हणाले, दारातच उभे राहिले.

मला जे माहीत नव्हतं ते त्यांनी सांगितलं. जोड लावायची म्हणजे दोन्हीकडचे वस्ताद दोन्ही पैलवानांना शेजारी उभं करून बघतात, दंड चाचपतात, आणि जोड जमत नसेल तर कुठलाही वस्ताद नाही म्हणू शकतो. त्यात कुणाचा अपमान नाही. पण स्वतः पैलवानानं वजनाची अट सोडली, तीही बाजारात हलगी वाजवून, की वस्तादाच्या हातात काही उरत नाही. मग माघार म्हणजे लंगोट खुंटीला.

"वजनाची अट न्हाय, ह्ये कुनी लिवलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मजकूर सयाजींनी सांगितला, मी फक्त अक्षर दिलं.

 त्यांनी खिशातून पत्रक काढून माझ्या नावावर बोट ठेवलं. "मला वाचाया येत न्हाय. पर ह्ये तुमचं नाव हाय म्हनं." आणि गेले.

सयाजीनं ‘माणसं चुली विझवून येतील असं लिहा’ म्हटलं होतंच. तेव्हा मी बोललो ते अगदीच खोटं नाही. जुलेखानं आतून सगळं ऐकलं असावं. दुपारी वाढताना बोलली नाही. तिला दाढेचा त्रास होतो अधूनमधून.

रविवार, १८ जानेवारी

तालमीत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. का गेलो ते सांगता येत नाही.

कृष्णात उघडा बसला होता आणि वस्ताद त्याच्या डाव्या खांद्याला तेल चोळत होते. दसऱ्याच्या सुमारास सरावात तो खांदा निखळला होता. बसवला, पण अजून घट्ट झालेला नाही. हे तालमीबाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. प्रतिस्पर्ध्याला कळलं तर तो त्याच हाताला धरणार आणि दरबारात कळलं तर निवड गेली. तोलामोलाच्या गड्याशी सांभाळून खेळला असता तर निभावलं असतं. तीन मणांचा मीरासाब त्या हातावर पडला तर तो हात पुन्हा कामाचा राहणार नाही. म्हशीची धार काढायलासुद्धा नाही, असं वस्ताद म्हणाले.

कृष्णातनं मला बसायला घोंगडं दिलं. पत्रकाबद्दल चकार शब्द काढला नाही. मला फार वाईट वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

मंगळवार, २० जानेवारी

दोन दिवस विचार केला. माझं नाव एका बाजूला आणि त्याचा हात दुसऱ्या बाजूला. स्वतःच्या पत्रकाला खोटं म्हणणाऱ्या लेखकाला उद्या कोण विचारणार? तरीही आज पिराजीला बोलावून नवी दवंडी दिली. गंगावेशीत, मग शाहूपुरीत, मग शनिवार पेठेत. मजकूर असा:

"कृष्णात पैलवानाच्या नावानं जे आव्हान निघालं ते त्यानं दिलेलं नाही. ते शमशुद्दीननं लिहिलं. पैलवानाला विचारलं नव्हतं. ते आव्हान रद्द समजावं."

एकही विशेषण नाही. गंगावेशीत मी गर्दीच्या मागं उभा राहून ऐकलं. हलगी थांबली, पिराजीनं माझं नाव घेतलं, आणि दूधकट्ट्यावरच्या माणसांनी दुधाचे पेले तोंडाशी नेता नेता खाली घेतले. वर्षभरात लिहिलेल्यांत हे सर्वांत उत्तम. घरी येताना पाऊल हलकं होतं. जुलेखाला खांद्यासकट सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "कृष्णातला सांगून केलंत?"

म्हटलं, त्याच्याच भल्यासाठी केलं, त्याला काय सांगायचं.

बुधवार, २१ जानेवारी

सकाळी कृष्णात आला. मी पाट मांडला. तो बसला नाही.

"मास्तर, येकदा न इचारता लिवलंसा. आता न इचारता पुसलंसा. मी काय पाटी हाय व्हय?"

मी म्हटलं, पैलवान, तुमचा हात...

"हात माजा हाय! काल सांजचं गंगावेशीत पोरं माज्या म्होरं हलगीवानी तोंड वाजवत व्हती. म्हनली, वाघानं कारकुनाला म्होरं घातलं. आता मी न्हाय उतारलो तर मीरासाबला भ्यालो, आन वर तुमच्या धोतराआड लपलो. काल सकाळपतूर वस्ताद मिरजंला जाऊन मीरासाबच्या वस्तादाशी गुमान बोलनार व्हतं. पैलवानाची गोष्ट पैलवानात मिटली असती. आता हलगीवर गेली. आता लढायचंच."

जाताना दारात थांबला आणि आत बघून म्हणाला, "वैनी, मोठ्यांदा बोललो, माफी असावी."

गुरुवार, २९ जानेवारी

तीन गिऱ्हाइकांनी निरोप पाठवले की तूर्त गरज नाही. सयाजी दवंडीमुळं चिडला होता, पण कुस्ती पुन्हा ठरल्यामुळं आणि तिकिटं दुपटीनं खपत असल्यामुळं शांत झाला. नवीन पत्रकं दुसऱ्याकडून लिहून घेतली. त्यात ‘ढाण्या’च्या ऐवजी ‘ढाण्ण्या’ छापलंय.  मला बोलायचा अधिकार कुठाय?

सोमवार, २ फेब्रुवारी

जुलेखा मिरजेला माहेरी गेली. भावजय रोशनबीला बरं नाही म्हणे. सकाळच्या गाडीनं गेली. मी म्हटलं, आत्ताच कशाला, पण ऐकलं नाही. तिचं माहेर मीरासाबच्या गल्लीतच आहे. सध्या त्या गल्लीत माझ्या नावाची काय किंमत असेल कोण जाणे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

जुलेखा आली. रोशनबी ठणठणीत आहे. मग गेली होती कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "गेले म्हणून तर ठणठणीत आहे." माहेरच्या माणसांविषयी बायकांना जास्त विचारू नये.

रविवार, १५ फेब्रुवारी

पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. झाडांवर माणसं, गाड्यांवर माणसं. हे सगळं माझ्या एका वाक्यानं गोळा झालं, आणि हे मला आवडलं नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. मग बनाबाई दिसली. आखाड्याच्या कडेला बायका बसत नाहीत. ती बाहेर एका बैलगाडीच्या चाकाला धरून उभी होती, पाठ आखाड्याकडे करून.

सलामी झाली. मीरासाब त्याच्यापुढं दरवाजासारखा दिसत होता. पहिली काही मिनिटं कृष्णात नुसता फिरत राहिला, डावा हात अंगाशी धरून. लोकांना ते कळत नव्हतं, मला कळत होतं. दोनदा मीरासाब त्या हाताच्या अगदी जवळ आला, आणि दोन्ही वेळा हात मागं घेऊन उजवीकडं वळला. लोक ओरडले, "आरं धर की! मिरजंचं पानी आटलं काय?" मलाही कळेना. एवढा कसलेला पैलवान, समोर मोकळा हात, आणि धरत नाही. कदाचित त्याला उजव्या बाजूचीच सवय असावी.

कृष्णातनं एकदा त्याला गुडघ्यावर आणलं. पटांगण असं उठलं की माझी टोपी गेली ती गेलीच. वीस-बावीस मिनिटांनी मीरासाबनं पाय खेचून पट काढला आणि कृष्णातला त्याच्या उजव्या अंगावर पाडून चीत केला. स्वच्छ कुस्ती झाली, वाद घालायला जागाच नव्हती. मग स्वतः हात देऊन उठवला, उजवाच हात दिला, आणि त्याच्या कानात काही बोलला.

मी बनाबाईला सांगायला गेलो. "हरला," म्हटलं. ती म्हणाली, "त्ये न्हवं. हात?" मी म्हटलं, शाबूत आहे. ती चाकाशीच खाली बसली.

बुधवार, ११ मार्च

दरबारच्या तालमीची नावं आली. कृष्णातचं नाव नाही. हरलेल्याला यंदा घेत नाहीत. पुढच्या साली पुन्हा बघतील, असं वस्तादांना सांगितलंय. तोवर खांदाही घट्ट होईल.

बाळासोनं चिठ्ठी पाठवली. जागा महिनाअखेरपर्यंत ठेवतो म्हणतो.

शुक्रवार, २७ मार्च १९१४. पाडवा.

वर्ष सरलं. आढावा घ्यायचा तर असा. बारा गिऱ्हाइकं ठरवली होती, उरली तीन: माक्याचं तेल, छत्रीवाला आणि एक नवा चपलांचा कारागीर, ज्याला गावात झालेलं काही माहीत नाही. त्याला उद्या मीच सांगणार आहे. खोटं लिहायचं नाही म्हटलं होतं. लिहिलं, आणि नंतर वस्तादांपुढं बोललोसुद्धा. ११ जानेवारीचं पान काढून बघितलं, तिथं मी स्वतःला माफ करून टाकलंय. नाव छापून यावं असं वाटत होतं, ते आलं, हलगीवरही वाजलं. या वर्षी एकच ठरवलंय. ज्या माणसाविषयी लिहायचं त्याला आधी वाचून दाखवायचं, आणि तो नको म्हणाला तर खोडायचं. असं केल्यावर धंदा होतो की नाही, ते माहीत नाही. बाळासोला नको म्हणून कळवलं. भीती वाटते.

हे इतकं लिहून झालं आणि कृष्णात आला. सोबत बनाबाई, हातात खरवसाचं पातेलं. म्हैस व्यालीय. मी उठलो तर बनाबाई मला ओलांडून सरळ आत जुलेखाकडं गेली.

कृष्णात या वेळी पाटावर बसला. म्हणाला, "आज गुढी डाव्या हातानं उभी केली, मास्तर. वैनीस्नी सांगाया आलतो."

"वहिनींना का?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघून हसला. खोडीनं नव्हे, लहान मुलाला बघून हसतात तसा. "तुमास्नी ठावं न्हाय व्हय? आखाड्यात मीरासाब माज्या कानात काय बोलला, ठावं हाय? म्हनला, तुज्या खांद्याचं मला आधीच कळलंय. त्या मास्तरची बायकू माज्या घरात यून बसली व्हती. म्हनली, ह्यो गुना माज्या नवऱ्याचा हाय, त्या पोराच्या हाताला शिक्षा नको. मीरासाब म्हनला, पाडनार तर हायच तुला, पर त्या हातानं न्हाय. आन पाडलंच की! सोडलं न्हाय." हे सांगताना त्याला हरल्याचं दुःख होतं की अभिमान, ते मला ओळखता आलं नाही.

ती माणसं गेली. मी आत गेलो. जुलेखा खरवस वाटीत काढत होती.

मला आधी राग आला, हे लिहून ठेवतो. माझ्या सासुरवाडीच्या गल्लीत तिनं माझा गुन्हा सांगितला. ईदला तिथं मी कुठल्या तोंडानं जाऊ? मग राग जागच्या जागी बसला. मी गावभर हलगी वाजवून जे बिघडवलं, ते तिनं एका घरात बसून, कुणाला कानोकान खबर न लागता सावरलं. तिच्यासमोर मला माझीच लाज वाटली. दोन महिने ती माझ्यासमोर बसून जेवत होती आणि मी तिची दाढ दुखते समजत होतो.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

तिनं वाटी माझ्यापुढं ठेवली. "सांगितलं असतं, तर तुम्ही त्याचंही पत्रक काढलं असतं."

मी खरवस खाल्ला. काढलं असतं, खरं आहे.